जिवंत पोवळं

आमच्या तालुक्याच्या नावात दर्या आहे,
बोअरच्या पाण्यात मीठ आहे,
समुद्र मात्र सहाशे किलोमीटरवर.

तो मी दुकानामागच्या खोलीत ठेवलाय,
तीन फूट बाय दीड, काचेचा.
अकोल्याच्या दातांच्या डॉक्टरनं दवाखाना मोडला,
माझं रिवाइंडिंगचं बिल थकलेलं,
त्यापोटी टाकी दिली, आतल्या जिवांसकट.
सोबत चिठ्ठी: तापमान सव्वीस, खारटपणा पस्तीस,
आणि खाली दोनदा रेघ मारून: घाई करू नका.

साहेबराव टोपले स्टार्टर दुरुस्तीला घेऊन आले,
काचेला नाक लावून उभे राहिले.
"पोवळं म्हनता हे? माह्या मंगळासाठी
साडेचार रत्तीचं सांगतलं व्हतं महाराजानं.
हे तं हालून रायलं ना बावा."

हालायचं तेव्हा.
शेकडो बोटं, दर बोटाच्या टोकाला इवलीशी हातोडी,
पंपानं लाट सोडली की सगळ्या एका अंगाला झुकायच्या
आणि काहीच ठोकायच्या नाहीत.

एप्रिल लागला, गावातल्या कूलरच्या मोटारी जळायला लागल्या,
आणि हातोड्या एकेक करून आत गेल्या.

आधी उन्हावरच संशय. बाहेर पंचेचाळीस.
थंड्याच्या बाटल्यांत बर्फ जमवून पाण्यात सोडला,
टाकीवर पंखा लावला, भारनियमनात इन्व्हर्टरवर.
पारा सव्वीसवर आला. बोटं आली नाहीत.

मग मीठ.
पाणी उडतं, मीठ उडत नाही,
हे खारपाणपट्ट्यात शिकवावं लागत नाही कुणाला,
वावरातला पांढरा पापुद्रा सांगतो.
काचेवर खूण केली, खुणेइतकं गोडं पाणी भरत गेलो.
पस्तीस म्हणजे पस्तीस.

मग उजेड कमी केला. मग वाढवला.
दगड उचलून कोपऱ्यात ठेवला, कोपऱ्यातून मधे.
कुपीत थेंब मोजत रंग कार्डाशी जुळवले,
सगळे रंग जुळले.

जळालेली मोटार उघडली की वासच सांगतो,
टेस्ट लॅम्प लावला की कळतं तार कुठं तुटली.
इथं कशाला लावू लॅम्प?
रोज दुकान मिटलं की बाही वर सारून
कोपरापर्यंत हात घालायचो,
चाचपायचो, हलवायचो,
तापल्या लेकराचं कपाळ दर घटकेला बघावं तसं.

मे महिन्यात परतवाड्याला साळ्याच्या पोरीचं लग्न, चार दिवस.
श्रावस्तीला बजावलं: फक्त पाणी भर, कशाला शिवू नको.

परत आलो तर अर्धी टाकी उघडलेली.

सातवीच्या गणिताच्या वहीचं मागचं पान तिनं पुढं केलं:
सोमवार बंद. मंगळवार बंद. बाबा गेले.
गुरुवार थोडं. शुक्रवार जास्त. शनिवार लय.
"तुमी नसले का उघडते थे," ती म्हणाली,
आणि लगेच, "तुमच्यावर नाही म्हनत मी."

मी हात उजेडाखाली धरले.
नखांच्या कडांना, तळव्याच्या रेषांना
लालसर चुरा, एकोणीस वर्षांचा,
तारेची टोकं ब्लेडनं खरवडताना बसलेला.
याच तांब्यावर गावाचं वारं फिरतं,
श्रावस्तीची फी, दुकानाचं भाडं, डाळ-तांदूळ.
साबणानं जातो असं वाटायचं.

डॉक्टरला फोन केला. त्यांनी राळेची पिशवी पाठवली,
पांढरी. तिसऱ्या दिवशी तिच्यावर
मोरचुदाचा रंग चढला.

आता टाकीत हात श्रावस्तीचा जातो.
मी मागं उभा, हात पाठीशी बांधून,
हळू, डावीकडं, अजून थोडं, म्हणत राहतो.
ती ऐकत नाही.

एक फांदी उघडलीच नाही, नुसतं हाड उरलं.
टोपल्यांना दाखवलं.
"याचं भेटन का साडेचार रत्ती?"
म्हटलं, हे पांढरं आहे, साहेबराव, मंगळाला चालणार नाही.
"राहू द्या मंग," ते म्हणाले,
आणि जळालेली मोटार माझ्या हातात दिली.