घोरणं

ऑगस्टात थंडर बेच्या वरच्या अंगाला
वणव्यात जळालेल्या रानात
ब्लूबेरी भरभरून येतात.
एरो डब्यात एक टाकायचा, तोंडात चार.
घरी येईपर्यंत ओठ निळेशार,
आणि वर मलाच विचारायचा,
"तुला कसं कळलं, आई?"

फेब्रुवारीत त्याचे ओठ निळे झाले
तेव्हा त्या रानावर कमरेइतका बर्फ होता.

मी हॉकीच्या रिंकवर कॅन्टीन चालवते,
भाषण मला येत नाही.
त्या रात्री पाणी प्यायला उठले होते.
त्याच्या दाराशी थांबले.
तो घोरत होता.
मोठ्यानं, घशात पाणी अडकल्यासारखं,
मध्येच थांबत, बराच वेळ थांबत, मग पुन्हा.
मला वाटलं, दमलंय पोर,
खांद्याला मार बसलाय, झोपू दे.
दार हळूच लोटून घेतलं.
खिट्टीचा आवाजसुद्धा होऊ दिला नाही.

ते घोरणं नव्हतं.

गोळी निळी होती, गोल,
औषधाच्या दुकानातल्यासारखी, वर आकडा कोरलेला.
डेनला ती कुणीतरी दिली,
त्या कुणाला आणखी कुणी.
यात राक्षस कुठेच नाही, शोधून झालंय माझं.
दोघांनी गाडीत बसून अर्धी-अर्धी केली.
डेन घरी जाऊन जेवला, दोनदा वाढून घेतलं,
सकाळी भौतिकशास्त्राचा पेपर दिला.

मी पुल्ला भाजते, आमच्याकडचा वेलदोड्याचा गोड पाव.
कणीक कितीही तिंबा,
एका घासाला नुसतं पीठ लागतं,
पुढच्या घासाला अख्खा दाणा दाताखाली.
फेंटानिल असंच कालवतात,
कुठल्याशा गॅरेजात, बादलीत,
आणि ते मिठाच्या चार कणांएवढं पुरतं.
अर्धी गोळी म्हणजे अर्धा धोका
हा हिशेब तिथे चालत नाही.

गुरुवारी सराव संपला की
मी नाकात मारायचा फवारा दाखवते,
नालोक्सोन, रबरी पुतळ्यावर.
पुतळ्याचं डोकं धरायला डेन येतो.
मी बोलावलं नव्हतं.
जा, असंही म्हटलं नाही.
एकदा त्याचे हात थरथरताना बघून
मला बरं वाटलं.
मग माझीच मला लाज वाटली.
मग म्हटलं, मान जरा मागे कर त्याची.

मुठीची पेरं छातीच्या हाडावर घासा,
दुखेल अशी.
उठला नाही तर ९११.
नाकपुडीत फवारा. तोंडानं श्वास देत राहा.
तीन मिनिटं. घड्याळात बघा,
मन तीन वर्षं झाली म्हणेल.
नाही उठला तर दुसरा फवारा.
श्वास लागला की कुशीवर वळवा,
आणि तिथून हलू नका.
औषध उतरतं, विष पुन्हा चढतं.

"पोलीस आले तर?" मागून एक मुलगी.
आले तर आले.
जीव वाचवायला फोन करणाऱ्याला
खिशातल्या गोळीसाठी धरत नाहीत, कायदा आहे तसा.
डेननं खाली बघितलं.
त्याला कुणी पुतळ्यावर शिकवलं नव्हतं. मलाही नाही.

"आणि तो नुसताच झोपलेला असला तर?"
तर फवाऱ्यानं त्याचं काही बिघडत नाही.
तुम्हाला शिव्या बसतील, एवढंच.

मागच्या शनिवारी केनोराहून परत येत होतो.
उणे एकतीस. बसमध्ये अंधार,
हरलेली पोरं एकमेकांवर कलंडलेली.
कुणीतरी घोरत होतं.

मी उठले. सीट धरत धरत मागे गेले.
गोलकीपर. टोपी नाकापर्यंत ओढलेली.
पेरं छातीवर घासली,
एका दाराच्या पलीकडे जाऊन घासायला हवी होती
तितक्या जोरात.

तो ताडकन उठला,
माझ्या आईचा उद्धार केला,
मग ओळखलं मला, कानापर्यंत लाल झाला,
"सॉरी" म्हणाला.

सॉरी नको, म्हटलं.
आणखी एकदा दे ती शिवी.