परत आलेले ट्रे

साठपैकी त्रेचाळीस क्रेडिट्स धरली त्यांनी.
सतरा अलीकडेच राहिली,
बेटावर, छोट्या कॉलेजच्या कुठल्याशा फायलीत.
बुद्रोबाई म्हणाल्या, "वाईट नाही, ऊना.
कित्येकांची निम्मीही पलीकडे पोचत नाहीत."
जणू मी मेंढ्या नेत होते होडीतून.

फॉर्मवर एक रकाना होता: पूर्वानुभव, असल्यास.
मी लिहिलं, इस्पितळाचं स्वयंपाकघर, एकोणीस वर्षं.
त्याचे किती?
त्याचे काही नाहीत.

तर सप्टेंबरातल्या पहिल्या मंगळवारी
पहाटे साडेपाचला
कॅन्सोच्या बांधावर गाडी घातली.
डावीकडे धुकं, उजवीकडे धुकं,
मधून दगडांची एक ओळ मुख्य भूमीकडे जाणारी.
मागच्या सीटवर जीवरसायनाचं सेकंडहँड पुस्तक,
आधीच्या कुणीतरी त्यातलं सगळंच
महत्त्वाचं म्हणून पिवळं करून ठेवलेलं.
एक्केचाळिसाव्या वर्षी
मी तिसऱ्या वर्षात.

प्राध्यापिका माझ्याहून सहा वर्षांनी लहान.
तिने फळ्यावर आतडं काढलं,
आतून नुसती बोटंच बोटं,
आणि लांबलचक शब्दांत सांगितलं की
खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही.

एवढं तर…
पण गप्प बसले.

जाताना ट्रे सगळे सारखे असतात.
परत येताना प्रत्येकाला तोंड फुटतं.
सात नंबरमधली मोराग मॅकिनिस
बटाटा काट्याने ताटभर पसरून ठेवायची,
खाल्ल्यासारखा दिसावा म्हणून.
एक म्हातारा लॉबस्टरवाला
जेलीची वाटी उशीमागे दडवायचा,
रविवारी येणाऱ्या नातीसाठी.
आणि बाबा.
जन्मभर ओटकेकवर काकवी ओतून खाल्ली,
साखर पायापर्यंत उतरली तरी.
शेवटच्या आठवड्यात त्यांचा ट्रे यायचा
नेला होता तसाच, झाकणाखाली वाफ जिरलेली,
फक्त मिठाची पुडी फाडलेली. रिकामी.
कशावर घातलं असेल मीठ?
बोटावर, मला वाटतं. जिभेवर.
मी ती पुडी एप्रनच्या खिशात टाकली.
नोंद करायची तर कुठे?
तक्त्यावर लिहायचा अधिकार डिग्रीवाल्यांचा,
आमचा ट्रे धुण्याचा.

दुपारी जोड्या लावल्या.
काल दिवसभरात काय खाल्लं ते
समोरच्याला विचारायचं आणि उतरवून घ्यायचं.
माझ्या वाट्याला फिनली रँकिन, एकोणीस वर्षांचा,
हॉकीच्या टीममधला, दाराएवढा.
"दोन अंडी," तो म्हणाला. "टोस्ट.
दुपारी चिकन. रात्री पण चिकन."
कसलं चिकन?
"साधं."
कुठे खाल्लंस?
त्याने पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.

बटाटा पसरत होता पोरगा.

महिना संपायला अजून चार आठवडे,
खोलीचं भाडं नुकतंच गेलेलं असणार.
मी म्हणाला तसं उतरवून घेतलं,
अंडी दोन, चिकन साधं,
मग पिशवीतून डबा काढून बाकावर ठेवला.
म्हटलं, सवयीने जास्त भाजते मी,
एकटीला जात नाहीत.
त्याने चार ओटकेक खाल्ले, भुगा बोटाने टिपून.
पाचवा खिशात घातला
तेव्हा मी खिडकीबाहेर मेपल बघत होते,
फार लक्ष देऊन.

कागदाच्या तळाशी एक ओळ मोकळी होती:
मुलाखत घेणाऱ्याचं निरीक्षण.
ही ओळ आता माझी.
एकोणीस वर्षं जे लिहिता आलं नाही
ते सगळं पेनाच्या टोकाशी येऊन थांबलं,
आणि खाली या मुलाचं नाव होतं, पूर्ण,
हा कागद आणखी कोण वाचणार, ठाऊक नव्हतं.

बराच वेळ गेला.
शेवटी लिहिलं,
पुन्हा विचारावं लागेल.
आणि थोडं थांबून,
जेवता जेवता.