दोन मजल्यांच्या मध्ये

रुवीत तेवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय मी.
कोणी अडकलं की आधी हत्यारं काढायची नाहीत,
आधी दाराच्या फटीला तोंड लावून बोलायचं:
घाबरू नका, मी बाहेर उभा आहे, वेळ लागेल.
हिंदीत, मोडक्या अरबीत, कधी नुसतं हं हं.
एक सुदानी मास्तर पाऊण तास आत होता.
बाहेर आल्यावर म्हणाला, दार कधी उघडलं आठवत नाही,
तुझा खोकला आठवतो.

सलोमीला कुरुमच्या उतारावर पाण्याच्या टँकरने उडवलं
तेव्हा ती सव्वीसची. बँकेत लागून चार महिने.
डॉक्टरने फिल्म उजेडाला धरली,
डाव्या बाजूच्या डागावर बोट ठेवलं
आणि म्हणाला, शब्द इथे राहतात.
राहतात म्हणाला. राहत होते, असं नाही.
तेवढ्या एका क्रियापदावर हन्नाने वर्ष काढलं.

मला नाही जमलं.
त्या वर्षी मी देवाला जे बोललो
ते वर्कशॉपमध्येसुद्धा कोणी कोणाला बोलत नाही.
शुक्रवारी मायलेकींना चर्चच्या आवारात सोडायचो,
व्हीलचेअर उघडून द्यायचो
आणि गाडीत बसायचो, काचा वर, एसी चालू.
आत आधी तमिळ, मग मल्याळी,
मग मागच्या खोलीत साडेअकराला आमची माणसं,
नगरची, जालन्याची, तीसेक डोकी
आणि एक पेटी, जिचा कोमल गंधार
समुद्राच्या दमट हवेने कायमचा बसलेला.

घरी ती चमच्याला किल्ली म्हणते.
मला आई म्हणते, आईला मंगळवार.
अंघोळीला हन्ना म्हणते हात वर,
ती पाय उचलते, आणि दोघी हसत सुटतात.
ते हसणं मला बाहेरच्या खोलीत सोसत नसे.

जुलैत गाडीचा एसी गेला.
खोटं कशाला सांगू, मी गारव्यासाठी आत गेलो.
शेवटच्या खुर्चीवर बसलो, पंख्याखाली.
मग सगळे उभे राहिले, सगळ्यांना पाठ असलेल्या प्रार्थनेला,
आणि जिला दोन शब्द जोडता येत नाहीत
ती माझी पोर सगळ्यांबरोबर चालू लागली,
पित्यापासून, नावापासून, एकेक ओळ, न अडखळता.
भाकरीपाशी सगळे भाकर म्हणाले.
ती खणखणीत म्हणाली, खुबूस.
थोरातबाईंना हसू आवरेना.
पाद्रीसाहेब थांबले, सगळेच थांबले,
ती पुढे निघाली तेव्हा मगच निघाले.

पाठ केलेलं वेगळ्या कप्प्यात असतं,
डॉक्टरने नंतर समजावलं, यात चमत्कार काही नाही.
मी कुठे म्हणालो आहे म्हणून?
मला एवढंच दिसलं होतं
की तीस माणसं एका शब्दाशी उभी राहिली.

पुढच्या मार्चमध्ये मी साठचा होतो. व्हिसा संपतो.
जालन्याचं घर दुसऱ्या मजल्यावर,
तिथे कसली आली आहे लिफ्ट.
आम्ही दोघं गेल्यावर तिला कोण उचलेल,
हे मी दर शुक्रवारी विचारतो. उत्तर आलेलं नाही.

परवा रात्री ती दचकून उठली,
बाथरूममध्ये शिरून कडी लावली, आत रडत राहिली.
कडी कशी काढायची ते विसरली होती.
मी दाराला टेकून जमिनीवर बसलो.
घाबरू नकोस, मी बाहेर आहे, वेळ लागेल.
दहादा म्हणालो असेन.
आवाज माझाच होता, दुसऱ्या कोणाचा नाही,
पण म्हणता म्हणता मला कळेना
मी दाराच्या कुठल्या बाजूला बसलोय.

फजरच्या अजानच्या जरा आधी कडी निघाली.
खाली जाऊन चार खुबूस आणले, कागदाला घाम सुटलेला.
सलोमीने एक तुकडा तोडला,
माझ्यासमोर धरला,
आणि त्याचं नाव आठवेना म्हणून
हात तसाच ठेवून थांबली.
मी घेतला.