दोनाची वायर तिनाला

सकाळी दहा वाजून सात मिनिटांपासून
पडद्यावर एकच ओळ:
उपकरण प्रतिसाद देत नाही. पुन्हा प्रयत्न करायचा?
हो म्हटलं.
अकरा वेळा हो म्हटलं.

मशीन समोरच बसलंय, दिवा लावून,
आतला पंखा सुरू, अंग कोमट.
त्याला स्वतःचा पडदा नाही,
जे काय कळलं ते वायरीतूनच सांगणार.
खिडकीच्या जाळीत कापसाची लव अडकलेली,
समोरच्या जिनिंगच्या काट्यावर गाड्यांची रांग,
आणि माझ्या ओट्यावर बेचाळीस बाटल्या,
एकेकीच्या गळ्यात एकेका गावाची चिठ्ठी.

पुण्याचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, पोर्ट बघा.
पाहिला. रात्रीच्या अपडेटनं तिनाचा सात केला होता,
म्हणजे इतका वेळ मी
सोडून गेलेल्या भाडेकरूची कडी वाजवत होते.
सात टाकला. तीच ओळ.
बॉड रेट? शहाण्णवशे.
पॅरिटी? नाही. स्टॉप बिट? एक.
"मग मशीनच गेलं असणार, मॅडम.
माणूस पाठवतो. पुढच्या महिन्यात."
लाईट गेली. आली. तीच ओळ.
टेकामनं विचारलं, उदबत्ती लावू का,
आणि तो पूर्ण गमतीत नव्हता.

मग बांगडीतली सेफ्टी पिन काढली,
वायर उपटून बाजूला ठेवली,
संगणकाकडच्या टोकात
दोन आणि तीनच्या मध्ये पिन आडवी धरली
आणि कोऱ्या चौकटीत टाइप केलं:
वच्छला.
उमटलं.
पिन उचलली, पुन्हा लिहिलं. कोरंच.
पिन टेकवली. वच्छला.
चला, इथवर तरी बोललेलं ऐकू येतंय,
मग ते स्वतःचं स्वतःला का असेना.
खोट पिनेच्या पुढे आहे.

पुढे होती वायर. नवीकोरी.
जुनी उंदरानं खाल्ली म्हणून गेल्या आठवड्यात
टेकामनं यवतमाळहून आणलेली,
दोनशे चाळीस रुपये, बिल लावलंय.

चहाला आलेल्या काट्यावरच्या मुजम्मिलनं
तिची दोन्ही टोकं मीटरनं टोचून पाहिली.
"हे तं सरळ आहे, मॅडम. तुमाले आडवी पायजे."
त्याच्याकडेही एकदा झालं होतं असं,
नऊ टन सरकी काट्यावर उभी अन् आकडाच येईना.
"सरळ वायरीत काय होते,
याचं तोंड त्याच्या तोंडाले लागते, कान कानाले.
दोघंबी बोलून राह्यले, आयकत कोनीच नाई.
आमच्या मोठ्या भावाचं अन् माहं तसंच आहे."

दातानं सोललं त्यानं,
दोनाची तिनाला, तिनाची दोनाला,
वर काळी टेप.

आणि मशीन बोललं.
आधी स्वतःचं नाव, मग क्रमांक,
मग पहिली बाटली:
टेंभुरगुडा, जिल्हा परिषद शाळा, हातपंप.
फ्लोराईड मापाबाहेर.
नमुना पातळ केला, पुन्हा लावला, गुणून पाहिलं.
तीन पूर्णांक एक.

मला सकाळीच दिसलं होतं.
या तपासणीत लाल जितका उडतो तितकं पाणी वाईट,
आणि टेंभुरगुड्याच्या नळीत
दहा धुण्यांनंतरच्या लुगड्याइतकाच रंग उरला होता.
पण डोळ्याचं म्हणणं अहवालाच्या रकान्यात बसत नाही.
दिवसभर मी त्याला बोल, बोल म्हणत होते.
अकरा वेळा हो म्हटलं खरं,
त्यातलं एखादं तरी
त्यानं गप्पच राहावं म्हणून असेल.

एक्केचाळीस बाटल्या अजून बाकी.
टेकाम चिकटपट्टीवर लिहितोय,
आडवी वायर. काढू नये.
टेंभुरगुड्याच्या ग्रामसेवकाला फोन लावलाय.
वाजतोय.
वाजून वाजून बंद झाला.
पुन्हा लावते.