वीस मिनिटांचा अर्धा तास

बिरकत अल-मौजच्या चौकीवर पोलिसाने
चारही चाकं ओढतात ना, एवढंच विचारलं.
मग चढ. कान दोनदा बंद झाले.
हिरवा डोंगर असं नाव, आणि रंग
चुलीतून उपसलेल्या राखेचा.
हैलच्या कड्यावर मात्र वाफे,
जिन्यासारखे, एकाखाली एक.
खालचे सात कोरडे.

मी कंपनीचा माणूस, पाटाला मीटर बसवायला आलेलो.
खल्फान बिन झाहिरने मीटर हातात घेऊन
कानाशी धरून ठोकला, टरबूज पारखावं तसा.
'हा काय सांगणार?'
'पाणी किती, ते.'
'ते माहीत आहे. कमी आहे.'

मग त्याने दगडी अंगण दाखवलं : मधोमध काठी,
काठीची सावली, सावलीच्या वाटेवर मांडलेले दगड.
दोन दगडांमध्ये एक अथर. म्हणजे अर्धा तास.
'म्हणजे हल्ली वीस मिनिटं,' तो म्हणाला.
'पाऊस तीन वर्षं फिरकला नाही,
तेव्हा दगड जवळ सरकवले.
माणूस कमी करायचा नव्हता.
नाव अथरच.'

माझा आजा पांझरेच्या फडावर पाटकरी.
नदी आटली की खालचा फड
सगळ्यांनी मिळून पडीक टाकायचा,
वरच्यात ज्याची त्याची एकेक पट्टी.
हे मी मोडक्या हिंदीत, हातवारे करून सांगितलं.
'तुमच्याकडे काठी कुठे रोवतात?'
काठी नाही, म्हटलं. आजाच उभा राहायचा.

जुवैना वरच्या वाफ्यात गुलाब लावत होती.
खाली थंडी पुरेनाशी झालीय,
जर्दाळू फुलतो आणि पुढचं विसरतो.
म्हणून झाडं वर निघालीत, वर्षाला एक पायरी,
मागून माती, गाढवावर, पिठाच्या गोण्यांतून.
अगदी तळाशी, मशिदीतलं वजूचं पाणी जातं तिथे,
तिने खजूर लावलाय.
तिच्या आईने या उंचीवर खजूर पाहिला नव्हता.
'गोड होईल?'
'नाही. बकऱ्या कुठे विचारतात.'
'आणि वर अजून किती पायऱ्या?'
'चार,' म्हणाली,
आणि रोपाभोवतीची माती अंगठ्याने दाबली.

रात्रीची पाळी ताऱ्यावर चालायची.
पलीकडच्या कड्यावर हॉटेल झालं,
त्याच्या उजेडात तो तारा सापडेना.
आता दोन वाजून वीस मिनिटांनी
खल्फानच्या फोनमध्ये कोंबडा आरवतो.
त्याने चिंधी गुंडाळलेला दगड उचलला,
दारं मोडलं,
पाणी शेजाऱ्याकडे वळलं
(ज्याच्याशी तो, नंतर कळलं, चार वर्षं बोललेला नाही).
शेजारी अंधारात फावडं घेऊन उभाच होता.
कोणी कोणाला हाक मारली नाही.

मीटरवर आकडा पडला. वहीत उतरवला.
लिटर. सेकंद. शेवटचा रकाना, शेरा.
तो पहाटेपर्यंत मोकळा ठेवला.
मग लिहिलं : पोचलं.