मागचा डावा पाय

मॉल्टनच्या एका बोळात, पिठाच्या जुन्या वखारीवर माझी खोली.
उत्तरेचा उजेड, टर्पेंटाइनचा वास,
आणि टेबलावर उताणा पडलेला एक घोडा.
चौकटीच्या पितळी पट्टीवर नाव कोरलेलं: कॉर्मरंट.
अठराशे एकेचाळीस. शर्यत जिंकल्यानंतरच्या आठवड्यात काढलेला.

कुमैत रंग, काळी आयाळ,
डोकं एवढंसं, उमरावाच्या लेकीला शोभेल असं,
आणि पाय इतके बारीक
की एवढं धूड त्यावर उभं कसं राहिलं, नवल वाटावं.
तेव्हा असेच काढत.
मालक म्हणायचा, अजून जरा लांब कर. थ्रेपलँड करायचा.
त्याची दरपत्रिका मी पाहिली आहे:
घोड्याला पाच गिनी,
कुत्रा हवा असेल तर वर अर्धी,
मोतद्दार फुकट.

हा फुकटचा मोतद्दार उजव्या कोपऱ्यात आहे.
वाकलेला, हातात फडकं, शेजारी बादली.
घोडा आपल्याकडे बघतो, हा मात्र खाली.
काय बघतोय, दोन दिवस मला कळलं नाही.

लिलाव येत्या गुरुवारी, लंडनला.
पॉन्सफर्डसाहेब फोनवर म्हणाले,
"नुसता मळ काढा, थर्झा. फार खोल जाऊ नका."
अंदाज चाळीस हजार पौंडांचा,
दोघे हट्टाला पेटले तर साठ.

कापसाचा बोळा आणि थुंकी.
हसू नका, जुन्या मळावर थुंकीइतकं मऊ काही नाही.
पोट उजळलं, मान उजळली,
मागे कुरणाची धूसर रेघ आली, एक चर्चही आलं.
मग मागचा डावा पाय.
बोळ्यावर तपकिरी उतरली.
मळ नव्हे, रंग.
बाकीच्या घोड्याला बारीक भेगा, म्हाताऱ्या हातासारख्या.
ही तपकिरी मात्र गुळगुळीत, पोरगेली.
मी थांबायला हवं होतं.
मी दुसरा बोळा घेतला.

खुरापासून वर चार बोटं
पांढरं.
स्वच्छ, वळून ठेवलेल्या मोज्यासारखं.

कॉर्मरंटच्या अंगावर पांढरा केस नव्हता.
त्या वर्षीच्या शर्यतवहीत तसं छापलंय.
म्हणजे हा दुसराच कुणी,
कधी चौथा, कधी सहावा आलेला,
पुढे एखाद्या डॉक्टरच्या गाडीला जुंपलेला.
तो मेल्यावर तीस-चाळीस वर्षांनी
कुणा दलालाने चार बोटं तपकिरी लावली
आणि घोडा जिंकला,
एक पाऊल न टाकता.

तेव्हापासून त्याच्यावर बोली लागत आली.
हातोडे पडले, नातवंडांना वाटण्या झाल्या,
जेवणघरात त्याच्याखाली बसून
लोकांनी विजेत्याच्या नावे पोर्ट प्यायली.
आज तो पुन्हा हरला, माझ्या थुंकीने.
पांढऱ्या पायाचा म्हणतात तो हाच.
निघाल्या निघाल्या चाळीस हजार बुडवले.

आणि आता कळलं, मोतद्दार काय बघत होता.
चित्रकार यायचा म्हणून
पहाटे उठून त्याने तो पाय धुतला असणार,
चिखल, शेण, लीद, सगळं,
ओल्या फडक्याने, पुन्हा पुन्हा,
पांढरा पांढरा दिसेपर्यंत.
मग त्याला सांगितलं असेल, हो बाजूला.
तो झाला. पण नजर काही हलवली नाही.
त्याच्या घोड्याकडे बघण्यासारखं तेवढंच होतं.

पुढे तो पायच बुजवला,
आणि हा दीडशे वर्षं
रंगवलेल्या थापेकडे बघत वाकून राहिला.

फोन वाजतोय. पॉन्सफर्डच असणार.
बाटलीत तपकिरी आहे, बारीक कुंचला आहे,
चार बोटांना पाऊण तासही लागणार नाही.

माझ्या हातात अजून बोळा.
त्याच्या हातात फडकं.
पाय ओला आहे.
वाळू दे.