खुंटी क्रमांक एक्केचाळीस

मार्चमधली सकाळ. छनाभाई पट्टी धरून
पलीकडच्या गाळात उभा,
मी दुर्बिणीतून त्याचे आकडे वाचते,
वहीत उतरवते: पातळी, अंतर, उतार.
असं हळूहळू नदीचं गणित होतं.
कागदावरची विश्वामित्री निळ्या पेन्सिलीची,
इथं तिचा रंग चहासारखा,
दूध फाटलेल्या.

चाळीस खुंट्या सुरळीत गेल्या.
मध्ये वेडी बाभूळ, कुणाचीच नसलेली,
एक मोडकी रिक्षा,
एक देवी, तिला साहेबांनी नकाशावर
आधीच दोन मीटर बाजूला घेतलं होतं.
देवीला विचारून, असं ते म्हणाले.

एक्केचाळीसाव्या खुंटीवर घण पडायच्या आधी
छनाभाईनं हात वर केला.
माती तिथं मोकळी होती, नुकतीच थापलेली,
एखादी बाई भिजवलेली कणीक झाकून
शेजारी जाऊन येते म्हणते, तशी.
शेजार म्हणजे पाणी.
पाण्यात दोन डोळे
आणि त्यांच्यामागे साडेनऊ फूट संयम.

वहीत लिहिलं, तर काम जूनपर्यंत बंद.
नाही लिहिलं, तर उद्या जेसीबी.
मी पेनाचं टोपण काढलं.

पुलाखाली लिमखेड्याची चौदा माणसं
चुलीवर मक्याचे रोटले भाजत होती.
त्यांचा मुकादम रमसू रोज विचारतो,
"बेन, काम किती दिवस चालेल?"
पेरणीला ती परत जाणार;
तोवरच्या मजुरीतून एक ऑपरेशन, चार पत्रे
आणि एका पोरीचं वसतिगृह
त्यानं आधीच मोजून ठेवलंय, बोटांच्या पेरांवर.

वरच्या वस्तीत जरीनाबी राहते.
पुराच्या रात्री तिनं शिलाई मशीन छपरावर चढवलं,
मशीनशेजारी नातू,
आणि नातवाशेजारी, हे उजाडल्यावर कळलं,
हातभर लांबीचं मगरीचं पिल्लू,
तितकंच भिजलेलं, तितकंच गप्प.
"भिंत बांधा," ती म्हणते, "चांगली उंच बांधा.
आणि त्यालाही कुठं तरी जागा ठेवा.
त्या रात्री तो आमच्यातलाच होता."

मी कोण मोठी शहाणी?
आमच्या सोसायटीचं नाव कमलसरोवर.
कमळ नाही, सरोवर नाही,
हप्ते आहेत, एकशे ऐंशी.
पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी वर येतं खालून,
जुन्या घरी चक्कर मारायला आल्यासारखं,
आणि आम्ही पंप लावतो.

मी रेषा अकरा मीटर वर सरकवून पाहिली.
कागदावर खोडरबराचं काम.
अकरा मीटरवर जरीनाबीचं मशीन होतं,
पायडलसकट.
मग खाली सरकवली:
तिथं भिंत म्हणजे नदीला मारलेलं कोपर,
ती ते दुसऱ्या काठाच्या दारावर काढणार.
रेषेला जाडी नसते, असं शाळेत शिकवलं होतं.
इथं ती टेकवायला
कुठंही रिकामी जागा सापडेना.

डोळे अजून तिथंच होते.
त्यांना घाई नव्हती, आमच्या निविदेला होती.

मी लिहिलं:
खुंटी ४१. मारली नाही.
घरटे. अंडी मोजली नाहीत.
आई हजर.

त्याखाली साहेबांसाठी वेगळी ओळ:
साठच्या पुढचं काम आधी घ्यावं,
तेच मजूर ठेवावेत.
शेरा म्हणून लिहिली. शेरे कोण वाचतं.

रमसूला सांगायला मीच गेले.
त्यानं ऐकून घेतलं, नदीकडे पाहिलं,
चूल जराशी पुढं सारली,
"बेसो, बेन," म्हणाला,
आणि रोटल्याचा अर्धा तुकडा दिला, लसणाच्या चटणीसकट.

मी खाल्ला.
घास बराच वेळ तोंडातच फिरत राहिला.
बाजूला छनाभाई न मारलेल्या खुंटीनं
निखारे सारखे करत होता.